पिस्तुलाचा खटका आणि हिंसेची सुरुवात

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची स्लाइड मागे ओढून सोडली की ऐकू येणारा खटका एकच वाटतो, पण तो दोन आवाजांचा बनलेला असतो. स्लाइड हे नळीवर बसलेले आणि चौकटीच्या खाचांतून पुढेमागे सरकणारे पोलादी आवरण असते. ती मागे खेचताना आतली स्प्रिंग दाबली जाते, हॅमर असल्यास तो मागे जाऊन अडकतो, चेंबरमध्ये आधीचे काडतूस असेल तर ते ओढून बाहेर फेकले जाते, आणि मार्ग संपला की स्लाइड चौकटीवर आदळते. हा पहिला आवाज. हात सुटताच स्प्रिंग तिला पुढे ढकलते. जाताजाता ती मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस ओरबाडून चेंबरमध्ये सारते आणि नळीचे मागचे तोंड बंद करून थांबते. हा दुसरा, अधिक जड आवाज.

ही रचना मुख्यतः जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची. बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्याने १९०० साली बाजारात आणलेले त्याचे पिस्तूल हे स्लाइड असलेले पहिले व्यापारी उत्पादन मानले जाते. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेले कोल्ट आणि त्यानंतरचे १९३५ चे हाय-पॉवर ही त्याच घराण्यातली. भारतीय पोलिसांच्या कमरेला दिसणारे ईशापूरचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल हाय-पॉवरवरच बेतलेले आहे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झालेल्या ग्लॉकची चौकट प्लास्टिकची असते, तरी स्लाइड पोलादीच असते. रिव्हॉल्वरला स्लाइड नसते, त्यामुळे हा आवाजही नसतो.

हाताने स्लाइड ओढावी लागते ती फक्त पहिल्या गोळीसाठी. पुढची सगळी ये-जा बाराच्या जोरावर आपोआप होते. त्या वेळीही धातू धातूवर आदळतच असतो, परंतु बाराचा आवाज नळीजवळ दीडशे डेसिबलच्या वर जातो आणि बाकी सर्व गिळून टाकतो. म्हणून हा खटका स्वतंत्रपणे ऐकू येतो तो गोळी सुटत नसते तेव्हाच. कृतीच्या अलीकडे आणि निश्चलतेच्या पलीकडे असलेल्या या पट्ट्यात त्याचे सगळे तात्त्विक महत्त्व आहे. कोणालाही इजा झालेली नाही, एकही शब्द उच्चारलेला नाही, तरीही ऐकणाऱ्याचे जग बदललेले असते. मग हिंसा सुरू झाली की नाही?

अमेरिकेत या आवाजाभोवती लोकसमजुतींचे एक छोटे पुराणच तयार झाले आहे. अंधारात स्लाइड ओढली, किंवा पंप शॉटगनचा खटका वाजवला, की घरात शिरलेला चोर पळ काढतो, असे तिथे सर्रास सांगितले जाते. चित्रपटांनी या समजुतीला खतपाणी घातले. पडद्यावरचे पात्र दर धमकीगणिक स्लाइड ओढते. खऱ्या पिस्तुलात असे केल्यास प्रत्येक वेळी एक न उडालेले काडतूस जमिनीवर पडेल, पण ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना त्याची फिकीर नसते. पिस्तूल नुसते उचलले तरी ते खटका जोडून देतात. जगातल्या बहुसंख्य लोकांच्या कानी हा आवाज पडलेला आहे तो असाच, उसना. त्याला आलेला चिन्हाचा दर्जा शस्त्राने दिलेला नाही, कथांनी दिलेला आहे.

आवाज म्हणजे काय आणि त्यातून काय कळते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत बारकाईने विचार झाला आहे. वैशेषिक सूत्रांत शब्दाच्या, म्हणजे आवाजाच्या, उत्पत्तीची तीन कारणे सांगितली आहेत: संयोग, विभाग आणि दुसरा शब्द. दांडी नगाऱ्यावर पडते तेव्हा संयोगातून शब्द होतो. बांबू चिरला जातो तेव्हा विभागातून होतो. पुढे मूळ शब्दापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा अशी परंपरा चालते आणि शेवटचा शब्द कानात पोहोचतो. ही परंपरा पाण्यावरच्या तरंगांसारखी एका वर्तुळात पसरते की कदंबाच्या फुलासारखी एकदम सर्व दिशांना फुटते, यावर नैयायिकांत दोन पक्ष होते. स्लाइडचा आवाज या मांडणीत आश्चर्य वाटावे इतका नेमका बसतो. त्यात मॅगझिनच्या ओठांतून काडतूस सुटण्याचा विभाग आहे, स्लाइड आदळण्याचा संयोग आहे, आणि बंद खोलीत भिंतींवरून परतणारा शब्दजन्य शब्दही आहे.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त शब्दाचे दोन प्रकार दिले आहेत. नगाऱ्यासारखा तो ध्वन्यात्मक, भाषेतला तो वर्णात्मक. खटका पहिल्या प्रकारातला. त्यामुळे त्याला वाक्यार्थ नाही, आणि शब्दप्रमाण म्हणून तो काहीच सिद्ध करू शकत नाही. ‘मी तुला मारीन’ हे वाक्य खरे किंवा खोटे असू शकते, खटका दोन्ही असू शकत नाही. त्यातून जे कळते ते अनुमानाने कळते. हावभावांतून होणाऱ्या ज्ञानाला काहींनी ‘चेष्टा’ नावाचे वेगळे प्रमाण मानले होते, पण नैयायिकांनी ते मान्य केले नाही. इशारा आणि धूर त्यांच्या लेखी एकाच पंगतीला बसतात.

अनुमान म्हटले की हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून ते केले ती खूण, तपासायला हवा. खटका ऐकून माणूस तीन पायऱ्या चढतो, आणि त्याही इतक्या वेगाने की त्याला एकच उडी मारल्यासारखे वाटते. पहिली: तिथे पिस्तूल आहे. दुसरी: ते भरलेले आहे. तिसरी: ते माझ्यावर चालवले जाणार आहे. पहिली पायरी बहुतेक वेळा पक्की असते. दुसरीचे तसे नाही. मॅगझिन काढून घेतलेल्या रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड ओढून सोडली तरी जवळजवळ तोच आवाज येतो. रिकामे मॅगझिन बसवलेले असेल तर मात्र बहुतेक आधुनिक पिस्तुलांत स्लाइड मागेच अडकून राहते आणि दुसरा, पुढचा आवाज होतच नाही. सरावलेला कान हा फरक ओळखेल, घाबरलेला ओळखणार नाही.

न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. साध्य नसलेल्या ठिकाणीही तो सापडतो. याचा शास्त्रीय दाखला धूर-अग्नीच्या जोडीचाच आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान बरोबर, पण अग्नीवरून धुराचे चूक, कारण धूर होण्यासाठी ओले सरपण लागते. ही जादा अट म्हणजे उपाधी. खटक्यावरून भरलेल्या चेंबरचे अनुमान याच जातीचे आहे, त्याची उपाधी म्हणजे मॅगझिनमधले काडतूस. ती ऐकू येत नाही. ऐकणारा तिला गृहीत धरतो, आणि गृहीत धरणेच शहाणपणाचे असते, कारण चूक झालीच तर एका बाजूला थोडी नाचक्की आहे आणि दुसऱ्या बाजूला मरण. अनुमान सदोष, तरी त्यानुसार वागणे योग्य, अशी ही स्थिती आहे. प्रमाणशास्त्र आणि व्यवहार इथे वेगळे पडतात, आणि धमकीची सगळी ताकद या फटीतच असते.

महाभारताच्या विराटपर्वात एकाच आवाजाचे दोन परिणाम शेजारीशेजारी दाखवले आहेत. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन शमीवरचे गांडीव उतरवून घेतो, प्रत्यंचेचा टणत्कार करतो, शंख फुंकतो. सारथ्य करणारा विराटपुत्र उत्तर रथातच गर्भगळित होतो. तिकडे कौरवांच्या सैन्यात द्रोणाचार्य रथाचा घोष, शंखाचा नाद आणि जमिनीची थरथर यांवरून निष्कर्ष काढतात की हा अर्जुनच. आवाज तोच, पण उत्तराला त्यातून फक्त भय मिळाले आणि द्रोणांना ज्ञान. गंमत म्हणजे भय वाटले ते त्याच रथातल्या, अर्जुनाच्याच बाजूच्या माणसाला. टणत्काराला बाण लावावा लागत नाही, हेही इथे लक्षात घेण्यासारखे आहे. तो युद्धाची तयारी सांगतो, युद्ध करत नाही.

तिसऱ्या पायरीवर, म्हणजे शस्त्राच्या स्थितीवरून माणसाच्या हेतूकडे जाताना, कायद्याने मोठी मेहनत घेतली आहे. फौजदारी कायद्यात नुसती तयारी सहसा गुन्हा ठरत नाही. मात्र १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५१ मध्ये हमल्याची व्याख्या करताना हावभावाबरोबर तयारीही धरली होती. समोरच्याला आता आपल्यावर बळाचा वापर होणार असे वाटावे, या इराद्याने किंवा तसे वाटण्याचा संभव आहे हे ठाऊक असून केलेली तयारी म्हणजे हमला. सोबतच्या दृष्टांतात एक माणूस क्रूर कुत्र्याच्या तोंडाची मुसकी सोडू लागतो. कुत्रा अजून धावलेला नाही, तरी हमला झालेला आहे. स्लाइडसाठी याहून चपखल दृष्टांत शोधून सापडणार नाही. हीच व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३० मध्ये आहे. तिथला ३५१ हा आकडा गुन्हेगारी धाकदपटशाच्या वाट्याला गेला, हा योगायोग वकिलांना काही काळ गोंधळात टाकणार असे दिसते.

या व्याख्येची ठेवण पाहण्यासारखी आहे. नुसत्या शब्दांनी हमला होत नाही, असे तिथे स्पष्टीकरणात म्हटले आहे. शब्द हावभावाला अर्थ देऊ शकतात, इतकेच. म्हणजे ‘मारीन’ हे वाक्य एकटे पुरेसे नाही आणि वाक्याविना वाजलेला खटका मात्र पुरेसा ठरू शकतो. कारण वाक्याने काही पुढे सरकत नाही. खटक्याने काडतूस खरोखरच पाऊण-एक इंच पुढे सरकलेले असते.

धर्मविचारात हाच प्रश्न वेगळ्या टोकाकडून येतो. कायद्याला समोरच्याच्या मनातली शंका महत्त्वाची, धर्माला करणाऱ्याच्या मनाची अवस्था. यात सर्वांत सूक्ष्म विश्लेषण जैनांचे आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार प्रमत्त, म्हणजे असावध किंवा विकारवश, प्रवृत्तीतून होणारा प्राणांचा घात ही हिंसा. त्याच ग्रंथात कर्माच्या आगमनाची सचेतन साधने मोजताना कृतीचे तीन टप्पे पाडले आहेत: संरंभ म्हणजे करण्याचा निश्चय, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात. हे तीन टप्पे मन, वाणी, काया या तीन मार्गांनी, स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून किंवा अनुमोदन देऊन, आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांपोटी घडतात. तीन, तीन, तीन आणि चार यांचा गुणाकार एकशे आठ. पतंजलींच्या योगसूत्रांतही हिंसेची अशीच वाटणी आहे, मात्र तिथे साधनांच्या जुळवाजुळवीला स्वतंत्र खाना नाही.

जैन मांडणीत स्लाइड ओढणे हा उघडउघड समारंभ आहे. निश्चय आधी झाला, चाप ओढणे पुढे आहे, मधली साधनसिद्धी या खटक्यात पूर्ण होते. याचा अर्थ गोळी सुटली नाही म्हणून करणारा कर्मबंधातून सुटत नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त हे अधिक धारदारपणे मांडले आहे: कषायाने पेटलेला माणूस दुसऱ्याला इजा होवो न होवो, स्वतःची हिंसा आधी करून बसतो. एखादा हिंसा न करताही तिच्या फळाचा धनी होतो, आणि एखाद्याच्या हातून घात होऊनही तो हिंसक ठरत नाही.

आणि भय? जैन कर्मशास्त्रात भय हा पूर्ण कषाय नाही. तो नऊ नोकषायांपैकी एक, म्हणजे कषायांच्या सोबतीने चालणारा दुय्यम विकार. पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत या नोकषायांच्या बंधाची कारणे दिली आहेत. भयाचे कर्म कशाने बांधले जाते, याच्या उत्तरात स्वतः भयभीत होणे आणि दुसऱ्याच्या मनात भय उत्पन्न करणे ही दोन्ही कारणे एकाच पदात एकत्र बसवली आहेत. धमकीवर लिहिणाऱ्या आधुनिक विचारवंतांनी या पदाची दखल घ्यायला हवी होती. कारण धमकी देणारा बलवान आणि ऐकणारा दुबळा, एक कर्ता आणि दुसरा भोक्ता, ही सरळ विभागणी इथे टिकत नाही. अंधाऱ्या माडीवर थरथरत्या हाताने स्लाइड ओढणारा घरमालक आणि जिन्यात थबकलेला चोर, दोघेही एकाच जातीचे कर्म बांधत आहेत. खटका भयातून निघतो आणि भयातच उतरतो.

अर्थात दोघे सर्वस्वी सारखे नाहीत. चोराच्या हाती पिस्तूल असेल तर त्यामागे लोभ आहे. गृहस्थाची कृती जैन आचारविचारात विरोधी हिंसेच्या सदरात पडते. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशा चार प्रकारांत गृहस्थाला सर्वथा वर्ज्य आहे ती संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या इराद्याने केलेली. आक्रमकाला रोखताना घडणारी हिंसा त्याला नाइलाजाने क्षम्य ठरते. मुनीला तीही नाही.

बौद्ध परंपरेने या प्रश्नाचे दोन भाग वेगळे काढले, आणि तेही स्वच्छपणे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘अट्ठसालिनी’त प्राणघाताची पाच अंगे सांगितली आहेत: प्राणी असणे, तो प्राणी आहे हे ठाऊक असणे, मारण्याचे चित्त, प्रयत्न, आणि त्या प्रयत्नाने आलेले मरण. पाचवे अंग नसेल तर प्राणघात पुरा होत नाही. म्हणजे कितीही खटके वाजवले तरी हा दोष पूर्णपणे लागत नाही. पण विनयपिटकात भिक्षूने भिक्षूला भिववण्यासाठी स्वतंत्र नियम आहे, पाचित्तियांपैकी पंचावन्नावा. त्याच्या विवरणात भिववण्याची साधने मोजताना रूप, गंध, रस, स्पर्श यांच्या जोडीने शब्दही, म्हणजे आवाजही, आहे. समोरचा घाबरला काय किंवा न घाबरला काय, दोष लागतोच, असेही तिथे म्हटले आहे. भीती घालणे हा अपुरा राहिलेला खून आहे, असे न मानता ती स्वतःच एक पूर्ण कृती मानली, हे या नियमाचे वैशिष्ट्य.

रिकाम्या पिस्तुलाचा खटका ही या सर्व विचारांची कसोटी आहे. न्यायमताने तो असत्य नाही, कारण त्यात वाक्यच नाही. ऐकणाऱ्याने काढलेले अनुमान चुकीचे, एवढेच. विनयाच्या दृष्टीने दोष पुरता लागतो, कारण तिथे शस्त्राची स्थिती विचारलीच जात नाही. जैन दृष्टीने समारंभ झाला नाही, पण माया, म्हणजे कपट, हा कषाय जोडला गेला. पाश्चात्त्य नीतिशास्त्रात हा वाद अण्वस्त्रांच्या निमित्ताने पेटला. जे करणे पाप आहे ते करण्याची धमकी देणेही पाप आहे का? ग्रेगरी कावका यांनी १९७८ च्या निबंधात एक विरोधाभास मांडला: ज्या कृतीचा हेतू बाळगल्यानेच ती कृती टळते, तिथे अयोग्य कृतीचा हेतू बाळगणे योग्य ठरू शकते. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९८३ च्या पत्रात प्रतिबंधक अण्वस्त्रधाकाला निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरचा टप्पा म्हणून अटींसह आणि तात्पुरती मान्यता दिली. नुसती हूल दिली तर हेतूचे पाप टळते खरे, पण हूल कळली की धाकही संपतो. पिस्तुलाच्या बाबतीत हा पेच सौम्य होतो, कारण इथे समोर शहरे नसतात, एक माणूस असतो आणि तो बहुधा निर्दोष नसतो.

यात एक तांत्रिक बाब तत्त्वज्ञांच्या नजरेतून सुटते. पिस्तूल बाळगण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एकीत चेंबर रिकामे ठेवतात आणि गरज पडताच स्लाइड ओढतात. इस्रायली सुरक्षादलांच्या प्रशिक्षणामुळे ही रीत त्यांच्या नावाने ओळखली जाते. दुसरीत काडतूस आधीच चेंबरमध्ये असते. जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाने तिचा आयुष्यभर पुरस्कार केला. पहिल्या रीतीत खटका हा गोळी झाडण्याचा अटळ भाग आहे. तो ऐकू जावा अशी इच्छा असो वा नसो, टाळता येत नाही. दुसरीत तो अनावश्यक आहे. उलट स्लाइड ओढल्यास एक चांगले काडतूस वाया जाते. म्हणजे दुसऱ्या रीतीने शस्त्र बाळगणारा स्लाइड ओढतो तेव्हा त्या कृतीचा यांत्रिक उपयोग शून्य असतो आणि तिचे सारे प्रयोजन ऐकणाऱ्याच्या कानात असते. पहिली साधनसिद्धी, दुसरी निव्वळ भयोत्पादन. जैन परिभाषेत पहिला समारंभ आहे आणि दुसरा जवळजवळ वाणीचा व्यापार आहे, जरी त्यात वर्ण एकही नाही. ऐकणाऱ्याला हा भेद कळण्याची सोय नाही. म्हणून ऐकणाऱ्याच्या भयाची खोली मोजून करणाऱ्याचा दोष ठरवता येत नाही, आणि करणाऱ्याचा दोष हलका निघाला म्हणून ऐकणाऱ्याचे भय हलके होत नाही. ज्यांनी या दोन गोष्टींचा हिशेब एकाच वहीत मांडायचा प्रयत्न केला, त्यांची बेरीज चुकली आहे.

हाच आवाज शस्त्र रिकामे करतानाही होतो. नेमबाजीच्या मैदानावर सराव संपला, किंवा पहारा बदलताना पिस्तूल जमा करायचे असले, की आधी मॅगझिन काढतात, मग स्लाइड ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर काढतात, आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासतात. हा क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढले, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी दुसरे आत जाऊन बसते आणि पिस्तूल रिकामे झाले असा समज तेवढा हाती राहतो. पिस्तूल साफ करताना गोळी सुटण्याचे हे एक परिचित कारण आहे. कोणाला मारायचा इरादा नसतो, धाक दाखवायचाही नसतो, कषाय शोधूनही सापडत नाही. तरीही ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या व्याख्येतून ही घटना सुटत नाही, कारण तिथे अट क्रोधाची किंवा द्वेषाची घातलेली नाही, प्रमादाची घातलेली आहे.